मॅन्युअलमधला आकडा धरायचा, की डिस्टॉर्शन बघून बायस लावायचा?

रबाळे_बेंच (धागाकर्ता)

वागळे इस्टेटमधून टेम्पोत घालून एक जुना एसी कॅलिब्रेटर (मीटर तपासायला अचूक एसी व्होल्टेज देणारं यंत्र) आमच्याकडे रबाळ्याला आला. आउटपुट मेलेलं. आधी कुणीतरी हात मारून गेलेलं होतं: आउटपुटच्या एमजे१५००३ आणि १५००४ या ट्रान्झिस्टरांच्या जागी २एन३०५५ आणि एमजे२९५५ बसवलेले. सप्लाय अधिक-उणे ४५ व्होल्ट. एक बाजू पूर्ण चालू झाली की दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर जवळजवळ ९० व्होल्ट येतात आणि ३०५५ ची झेप ६० पर्यंतच. शॉर्ट झाला यात नवल नाही, इतके दिवस टिकला कसा हेच नवल.

नवी जोडी टाकली, खाली नवा मायका (इन्सुलेशनची चकती), प्रीसेट (बायस कमीजास्त करायचा स्क्रू; बायस म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडा करंट) कमीत कमी बायसच्या टोकाला, सिरीज बल्ब लावून चालू केलं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला. मग बल्ब काढला, कारण बल्ब असताना सप्लायच खाली बसलेला असतो, त्यावर लावलेला बायस फुकट. मॅन्युअलप्रमाणे ०.३३ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २० मिलिव्होल्ट लावले, म्हणजे साधारण ६० मिलिअँपिअर. चहा पिऊन आलो तर मीटरवर ३४. बघता बघता ३५, ३६. स्विच बंद केला.

बायस सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर सैल स्क्रूने लटकत होता, खाली ग्रीसचा पत्ता नाही. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टनी उतरतं. मोठ्यांची ऊब या छोट्याला लागली तरच तो बायस मागे घेणार ना! ग्रीस लावून स्क्रू आवळला, आता २१ वर थांबलाय.

वाद इथून पुढे. आमचे सिनिअर म्हणतात, आकडा सोड, अ‍ॅनालायझर लाव, डिस्टॉर्शन (लाटेच्या आकारातला बिघाड) सगळ्यात कमी दिसेल तिथे प्रीसेट थांबव. माझं मत उलटं: मॅन्युअलचा आकडा, आणि तोही मॅन्युअल सांगतं त्याच अवस्थेत. बोला.

जुना_सोल्डर

तुमच्या सिनिअरांना माझा नमस्कार सांगा.

मॅन्युअलचा आकडा कारखान्यात ओळीने नग काढणाऱ्यासाठी. तुमच्यासमोर एकच नग आहे. बायस कमी असला की शून्य ओलांडताना दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट झोपेत असतात, साइन लाटेला तिथे खाच पडते. जास्त झाला तर दोघं मिळून जागे असतात तेवढ्या पट्ट्यात गेन (सिग्नल किती पट होतो ते) वेगळा पडतो आणि डिस्टॉर्शन पुन्हा चढतं. मधे दरी असते, बहुतेक वेळा एमिटर रेझिस्टरवर २६ मिलिव्होल्टच्या जरा खाली. दरी डोळ्यांना दिसत असताना कागद कशाला वाचायचा? फक्त १ किलोहर्ट्झवर बघू नका, तिथे फीडबॅक (आउटपुट परत आत घेऊन चूक सुधारणारी जोडणी) सगळी पापं झाकतो. २० किलोहर्ट्झला फीडबॅकचा जोर उतरतो, खाच उघडी पडते.

रबाळे_बेंच

काका, आकडा ट्रान्झिस्टरचा नाहीच, करंटचा आहे. ट्रान्झिस्टर बदलला की बेस-एमिटर व्होल्टेज थोडं इकडेतिकडे होतं, त्याचसाठी तर प्रीसेट दिलाय. नग कुठलाही असो, २० मिलिव्होल्ट म्हणजे ६० मिलिअँपिअरच. ज्याने तो ठरवला त्याने उष्णतेचा हिशोब केलेला असतो. ९० व्होल्टांत ६० मिलिअँपिअर म्हणजे जोडीला ५.४ वॅट. तुमच्या दरीपाशी, २५ मिलिव्होल्टला, ६.८. दीड वॅटचंच काय ते, असं म्हणाल. पण बंद डब्यात, शेजारी रेफरन्सचा (ज्याच्या आधारे व्होल्ट ठरतात त्या भागाचा) बोर्ड, आणि यंत्र दिवसभर चालू.

जुना_सोल्डर

६० मिलिअँपिअर कशावरून? रेझिस्टर ०.३३ आहे असं धरून. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तेव्हा सगळा करंट त्याच रेझिस्टरमधून गेला. मोजलात का? साध्या मीटरने नव्हे, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स तेवढा भरतो. चार वायरींनी.

रबाळे_बेंच

नव्हता मोजला. आत्ता मोजला. एक ०.३३, दुसरा ०.३९. दोन्ही बदलतो. हा मुद्दा तुमचा.

कळव्याचा_रेडिओवाला

दोन्ही रेझिस्टरवर मीटर लावला असता तर मोजायच्या आधीच कळलं असतं. लोड नसताना दोघांतून करंट जवळपास तोच, मग एकावर २० आणि दुसऱ्यावर साडेतेवीस दिसायला नको.

अजून एक. मीटरच्या लांब वायरी थेट लावल्या की काही अ‍ॅम्प्लिफायर ऑसिलेट व्हायला (आपणहून सिग्नल काढायला) लागतात आणि बायस उगाच चढल्यासारखा दिसतो. प्रोबच्या टोकाला १ किलोओहम सिरीजमध्ये घाला. आणि मीटर बॅटरीचाच घ्या. स्कोपची अर्थवाली (थेट अर्थिंगला जोडलेली) क्लिप एमिटर रेझिस्टरला लावून मी एकदा नवीकोरी जोडी उडवलीय. आवाज अजून कानात आहे.

ऐरोली_लूपवाला

एवढं काय भांडताय राव? कॅलिब्रेटरमध्ये आरएमएस (एसीचं परिणामी व्होल्टेज) मोजणारा सेन्सर आउटपुट बघतो आणि चूक दिसली की लूप सुधारतो. बायस १५ असो की ३०, डिस्प्लेवर १० व्होल्ट लिहिलंय तर बाहेर १० व्होल्टच येणार. गरम होत नाहीये ना? मग ग्राहकाला द्या पाठवून, तो खोळंबलाय.

तुर्भे_कॅललॅब

लूपवाले दादा, गल्लत इथेच होते, आणि ती आमच्या टेबलावर येऊन पडते.

समजा बायस कमी राहिल्यामुळे तिसरा हार्मोनिक (मूळ लाटेत मिसळलेली तिप्पट फ्रिक्वेन्सीची लाट) ०.३ टक्के आहे. आरएमएसमध्ये त्याने जेमतेम दहा लाखांत साडेचार भाग वाढतात, लूप ते सहज सांभाळतो. पण माझ्याकडे येणाऱ्या मीटरांत अजून कितीतरी स्वस्त मीटर सरासरी मोजून आरएमएसचा आकडा दाखवणारे असतात. त्यांना तोच हार्मोनिक फेजप्रमाणे एक तृतीयांशापर्यंत चुकवतो, म्हणजे ०.१ टक्का. यंत्राचे १० व्होल्ट अगदी खरे, आणि तरी मीटर १० मिलिव्होल्ट इकडे किंवा तिकडे. मीटर नापास, ग्राहक माझ्याशी भांडणार, आणि दोष पलीकडच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. त्यामुळे "बायसने काही होत नाही" हे मला अजिबात मान्य नाही.

पण काका, तुमचंही पटत नाही. तुम्ही दरी शोधून प्रीसेट थांबवलात, नेलपॉलिशचा ठिपका लावलात आणि गेलात. पुढच्या वर्षी दुसरा माणूस झाकण उघडणार. त्याला मॅन्युअलमध्ये २० दिसणार, मीटरवर २४. तो काय समजणार? काहीतरी सरकलंय. तो परत २० वर आणणार. आयएसओ/आयईसी १७०२५ (कॅलिब्रेशन लॅबसाठीचं मानक) च्या २०१७ च्या आवृत्तीत साधी गोष्ट लिहिली आहे: उपकरण पुन्हा वापरात घेण्याआधी ते ठरल्याप्रमाणे चालतं का हे तपासा, आणि रिपेअर किंवा अ‍ॅडजस्टमेंट झाली असेल तर आधीचे व नंतरचे निकाल, उपलब्ध असल्यास, सर्टिफिकेटवर द्या. मेलेल्या यंत्राचे आधीचे निकाल नसतात, ठीक. नंतरचे तरी पूर्ण रेंजचे हवेत. "फक्त ट्रान्झिस्टर बदलला" असा एका ओळीचा कागद मला चालत नाही.

ऐरोली_लूपवाला

सरासरीवाल्या मीटरचं डोक्यात आलं नव्हतं. मान्य. पण एका जोडीसाठी पूर्ण रेंज म्हणजे दोन दिवस गेले, आणि बिल बघून ग्राहक मलाच फोन करतो.

तुर्भे_कॅललॅब

करू दे. त्याला ते मीटरचं उदाहरण ऐकवा.

जुना_सोल्डर

ताई, लिहून ठेवायचं म्हणता ते शंभर टक्के खरं. झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवा: तारीख, मिलिव्होल्ट, तापमान, झाकण बंद की उघडं. पण चिठ्ठीवर २४ लिहायला कुणी हात धरलाय?

रबाळे_बेंच

शुक्रवारी इथे वीज जाते, म्हणून काल रात्रीच उरकलं. दोन्ही रेझिस्टर नवे, चार वायरींनी मोजून बसवले. झाकण लावून तासभर तापू दिलं, मग वरच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून २० ला आणला. पुढचा तासभर साडेएकोणीस ते साडेवीसच्या बाहेर गेला नाही.

काकांच्या समाधानासाठी अ‍ॅनालायझरही लावला. दरी खरंच निघाली, २३ वर. २० किलोहर्ट्झला २० मिलिव्होल्टवर ०.०१२ टक्के, २३ वर ०.००९. प्रीसेट २० वरच ठेवलाय. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले आहेत. पूर्ण रेंज सोमवारपासून घेतोय. शिव्या घाला.

जुना_सोल्डर

घातल्या. आता सांग, दरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीस, मग २३ ला का नाही ठेवलास रे?