मदत हवी आहे : जोसेफ ब्लॅक यांच्या व्याख्यानांच्या विद्यार्थी-वह्या

सप्रेम नमस्कार. शाळेत आपण ज्याला ‘अप्रकट उष्मा’ (पदार्थ वितळताना किंवा उकळताना तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता) म्हणून शिकलो, त्या संकल्पनेचे जनक, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी तिच्यावर स्वतः काही छापले नाही. आधी ग्लासगोत आणि १७६६पासून एडिनबर्गमध्ये ते ती वर्गात शिकवत राहिले. १७९९मध्ये त्यांचे निधन झाले आणि १८०३मध्ये त्यांचे मित्र जॉन रॉबिसन यांनी त्यांची व्याख्याने संपादित करून प्रसिद्ध केली. तोपर्यंत ती बरीचशी विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित वह्यांमधूनच पसरली.

सध्या मी अशा वह्यांच्या डिजिटल प्रती वाचत आहे. अडचण अशी की, काही विद्यार्थी वर्गातील टिपणे घरी सुवाच्य अक्षरात उतरवून काढत, तर काही वह्या नकलून विकल्याही जात. त्यामुळे अध्यापकाचे शब्द कुठे संपतात आणि नकलकाराची भर कुठे सुरू होते, हे ठरवणे कठीण जाते. (रॉबिसन यांच्या संपादनावरही डोळे झाकून विसंबण्यास मन धजत नाही.) खाडाखोड आणि तुटक वाक्ये एवढ्यावरून वही वर्गात लिहिली गेली, असे मानावे काय? दोन वह्यांत एकच चूक आढळल्यास त्यांचे मूळ एक समजावे काय? जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेचा (प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्याचा) अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.