अणुबॉम्बचं गाणं प्रेमकथेत: सिनेमाने तारलं की मारलं?

जुनी_तबकडी
'मॉडर्न इंग्लिश' हा इंग्लंडमधल्या कोलचेस्टरचा बँड. १९८२चा 'आफ्टर द स्नो' हा त्यांचा दुसरा अल्बम. अमेरिकेत त्यांचं नाव झालं ते याच अल्बममुळे, त्यातही 'आय मेल्ट विथ यू' या एका गाण्यामुळे. लोक ते गोड प्रेमगीत म्हणून ऐकतात. गायक रॉबी ग्रे मात्र मुलाखतींत वेगळंच सांगत आले आहेत. जोडपं प्रणयात रंगलेलं असताना अणुबॉम्ब पडतो आणि दोघं एकमेकांत वितळून जातात, असं ते गाणं आहे.

तेव्हाचं ब्रिटन आठवा. ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळावर अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं येणार होती. त्याविरुद्ध बायका तिथे तळ ठोकून बसल्या होत्या, आणि १९८२च्या डिसेंबरात सुमारे ३०,००० जणींनी हातात हात गुंफून तळाला वेढा घातला. अणुहल्ला झाला तर काय करायचं, यावरच्या सरकारी पुस्तिकेत सल्ला काय, तर घरातली दारं काढा, भिंतीला तिरकी टेकवा आणि त्याखाली जाऊन बसा. गाणं त्या हवेतलं आहे.

१९८३ साली मार्था कूलिज यांनी 'व्हॅली गर्ल' हा सिनेमा काढला. लॉस एंजेलिसच्या उपनगरातली ज्यूली, हॉलिवूडचा पंक पोरगा रँडी (निकोलस केज), दोघं प्रेमात पडून भटकताहेत आणि मागे हे गाणं. शेवटी लिमोझिन निघते तेव्हाही तेच. बॉम्बचा पत्ताच नाही! माझ्या मते सिनेमाने गाण्याचा जीव काढून घेतला आणि नुसती साखर ठेवली.

बोरूबहाद्दर
साफ असहमत. गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७८व्या क्रमांकापर्यंतच गेलं. ७८व्या क्रमांकाची किती गाणी चाळीस वर्षांनी कुणाला आठवतात? 'व्हॅली गर्ल' काही बड्या स्टुडिओचा घाऊक माल नव्हता. साधारण साडेतीन लाख डॉलरमध्ये झालेला चित्रपट तो. त्यांनी नव्या बँडांची गाणी उचलली, द प्लिमसोल्सना तर क्लबच्या प्रसंगात पडद्यावर वाजवायला लावलं. उपकार माना की.

जुनी_तबकडी
उपकार मानायचे तर केआरओक्यू रेडिओचे आणि एमटीव्हीचे माना. लॉस एंजेलिसच्या पोरांपर्यंत ही गाणी त्यांनी पोचवली. सिनेमा त्या लाटेवर स्वार झाला, लाट त्याने आणली नाही.

सांजवारा
दोघेही चालीबद्दल बोलत नाही आहात, गोम तिथेच आहे. पहिला अल्बम, १९८१चा 'मेश अँड लेस', ऐका. अंधारी खोली, खरखरीत गिटार, ग्रे जवळजवळ ओरडतोय. मग 'आफ्टर द स्नो'ला निर्माता ह्यू जोन्स आला. ओरडू नकोस, नीट गा, असं त्यानेच ग्रेला सांगितलं. 'आय मेल्ट'ची गिटार कशी उजळ, झरझर वाजते ते ऐका. शेवटाकडे तर शब्द बाजूला ठेवून नुसतं गुणगुणणं. आता हे ऐकून एखाद्या दिग्दर्शिकेला दोन पोरं हातात हात घालून फिरताना दिसली, तर तिचा दोष काय? बॉम्ब तुम्हाला मुलाखतीत भेटला, गाण्यात तो ओळी-दोन ओळींत सूचक आहे. बॉम्ब पहिल्यांदा झाकला तो बँडने आणि जोन्सने, स्टुडिओत बसून. आणि झाकला म्हणूनच गाणं भारी आहे असं माझं मत. ओरडून म्हटलं असतं तर ते आंदोलनातलं आणखी एक पत्रक झालं असतं.

खिडकीपाशी
सांजवारा +१.
पण धागाकर्त्यांनी उदाहरण कच्चं घेतलं. खरी वाट लागली ती सायकेडेलिक फर्स या ब्रिटिश बँडच्या 'प्रिटी इन पिंक' गाण्याची. १९८१च्या मूळ गाण्यातली कॅरोलाइन अनेकांच्या अंथरुणात जाते, आपण सगळ्यांना हव्याहव्याशा आहोत असं तिला वाटतं आणि माघारी तेच लोक तिला हसतात. १९८६च्या त्याच नावाच्या सिनेमात ते झालं गुलाबी ड्रेस शिवणाऱ्या गरीब, सज्जन मुलीचं गाणं. बँडचे गायक रिचर्ड बटलर यांनी ही नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. तरी बँडने सिनेमासाठी ते पुन्हा, जास्त गुळगुळीत करून ध्वनिमुद्रित केलंच. ब्रिटनमध्ये मूळ गाणं ४३वर अडलं होतं, नवं १८वर गेलं.

बोरूबहाद्दर
म्हणजे बँडला फायदाच झाला की! आणि गाणी सिनेमाला पुरून उरतात हो. 'इंद्रायणी काठी' घ्या. 'गुळाचा गणपती', १९५३, शब्द गदिमांचे, चाल पुलंची, गळा भीमसेनांचा. आज कित्येकांना तो संतांचा जुना अभंग वाटतो, सिनेमा आठवतही नाही.

जुनी_तबकडी
तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे सिनेमा गळून पडला आणि भक्ती जशीच्या तशी राहिली. इथे नेमकं जे गळून पडलं तोच गाण्याचा गाभा होता.

बोरूबहाद्दर
मग बँडने स्वतः १९९०मध्ये तेच गाणं पुन्हा का मुद्रित केलं? पुढे बर्गर किंगच्या जाहिरातीतही वाजलं. त्यांना चालतं, तुम्हालाच का खुपतं?

जुनी_तबकडी
त्यांनी पैसे घ्यावेत, पोट सगळ्यांना आहे. पण गाणं लिहिणाऱ्याला चालतं म्हणून ऐकणाऱ्याने तोंड मिटावं, हे कुठलं शास्त्र? सांजवारा यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. चाल हसरी आहे हे कबूल. पण हसऱ्या चालीखाली मरण ठेवणं ही बँडची खेळी होती. सिनेमाने त्यातली हसरी चाल तेवढी उचलली.

नवखा_श्रोता
वाद चालू द्या. मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

सांजवारा
१९८२चं मूळ ऐका, १९९०चं नको. आणि 'आय मेल्ट'वर थांबू नका. त्याच अल्बममधलं 'समवन्स कॉलिंग' आणि 'लाइफ इन द ग्लॅडहाउस' लावा, ढोल ऐकण्यासारखे आहेत. मग जमलं तर 'मेश अँड लेस'. तेही हेडफोनवरच, नाहीतर घरचे दचकतील.