सर्पदंशाचे २४६ रुग्ण वर्षभरात मिळतील का?

मेडिसिन_रेसिडेंट
थीसिसचा विषय: सर्पदंशानंतर किडनीला इजा होण्याचं प्रमाण. ग्रामीण विदर्भातलं रेफरल रुग्णालय. प्रमाण २० टक्के आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत धरून सॅम्पल २४६ आलं. गाइड म्हणतात, रजिस्टरमध्ये गेल्या वर्षी चारशेवर दंश आहेत, काळजी नको. यावर विसंबून सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) देऊ का?

पीएसएमवाला
नका देऊ. चारशे या नोंदी आहेत, रुग्ण नव्हेत. एकच माणूस कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि आयसीयू अशा तीन रजिस्टरांत चढतो. 'अननोन बाइट' आणि बिनविषारी दंशही त्यातच. आधी आयपीडी (भरती) नंबरवरून दुहेरी नोंदी काढा, मग रेकॉर्ड रूममधून एका पावसाळी आणि एका कोरड्या महिन्याचे केस पेपर काढून प्रत्येक टप्प्यावर किती गळतात ते मोजा.

मोठी गळती क्रिएटिनिनपाशी होते (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी). केडिगोच्या (किडनीविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) व्याख्येत ते ४८ तासांत ०.३ मिग्रॅ/डेलि वाढावं लागतं, किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट. म्हणजे निदान दोन रिपोर्ट हवेत. दुसऱ्याच दिवशी डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुटी) घेऊन गेलेल्याचा एकच असतो. डायलिसिससाठी नागपूरला पाठवलेल्याचंही बरेचदा तसंच, आणि किडनी बिघडलेले नेमके हेच. ते वगळले तर प्रमाण खोटंच कमी येतं, म्हणून त्यांचा पुढचा रिपोर्ट फोनवरून मिळवायची सोय प्रोटोकॉलमध्येच लिहा.

रिसर्च_नर्स
डॉक्टर, वार्षिक आकड्याला बाराने भागू नका. दंश जून ते सप्टेंबरात एकवटतात; पेरणी, निंदण, पूर्वेकडे धानाची रोवणी, सगळं तेव्हाच. एथिक्स कमिटीची मंजुरी ऑगस्टात आली तर निम्मा हंगाम हातचा जातो. तीन वर्षांचे आकडे महिनावार मांडा आणि हिशेबाला सरासरी नको, सगळ्यांत कमी आकड्याचं वर्ष धरा.

मण्यार रात्री चावते. रात्री दोनला आलेल्याची संमती कोण घेणार, हे आधी ठरवा. पापण्या मिटलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी नातेवाइकाची सही लागते, अंगठा असेल तर तटस्थ साक्षीदारही. मेळघाटातून रुग्ण येत असतील तर कोरकू समजणारं माणूस हवं. आणि महिनाभराने फेरतपासणी ठेवलीच असेल, तर कापूस वेचणीच्या दिवसांत कास्तकार त्यासाठी मजुरी बुडवून येईल, असं धरू नका.

मेडिसिन_रेसिडेंट
केस पेपरवरून मोजलं तर १३० च्या आसपासच उरतात. 'मर्यादित लोकसंख्या' सुधारणा (एकूण रुग्णच थोडे असले की सॅम्पल घटवणारं सूत्र) लावून सॅम्पल कमी करता येईल का?

पीएसएमवाला
नाही. निष्कर्ष पुढच्या रुग्णांनाही लावायचा आहे, त्या वर्षाच्या यादीपुरता नाही. १३० मध्ये चूक ५ ऐवजी जवळपास ७ टक्के होते. तसं स्पष्ट लिहा, परीक्षक चालवून घेतात. नाहीतर शेजारच्या जिल्ह्याचं रुग्णालय जोडा किंवा दोन पावसाळे घ्या.

२० टक्केही तपासा. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एएसव्ही (सर्पविषावरची लस) मिळत असेल तर सौम्य रुग्ण तिथेच बरे होतात आणि तुमच्याकडे गंभीर येतात. प्रमाण ३५ टक्के निघालं तर तीच ५ टक्क्यांची अट २४६ वरून ३५० वर जाते.

निवड 'सलग येणारा प्रत्येक पात्र रुग्ण' अशीच लिहा. पहिल्या दिवसापासून स्क्रीनिंग रजिस्टर ठेवा: आला कधी, पात्र का नाही, संमती का नाकारली, गेला कसा. मधेच सॅम्पल बदलायची वेळ आली तर कमिटी तेच मागते.