जी-वॅगन, हमर खरंच मिलिटरीच्या गाड्या का नुसता थाट?

काळ्या_रानातला (सेलू):
मंडळी एक विचारायचं होतं. परवा जालन्याला लग्नात मर्सिडीजची जी-वॅगन बघितली, मांडवाच्या दारातच लावलेली, नवरदेवापेक्षा तिचेच फोटो जास्त. मालकाचा पोरगा सांगत होता ही मुळात मिलिटरीची गाडी आहे, कुठंही घाला निघते. मी गपगुमान ऐकून घेतलं पण डोक्यातनं जाईना. आपल्याकडं झड लागली की पांदणीत बैलगाडी रुतते, तिथं ही चालंल का? (घ्यायची नाही हो, बोलेरोचेच हप्ते चालू आहेत)

डिझेल_दादा (परभणी):
पोरगा अगदीच फेकत नव्हता. मर्सिडीज आणि ऑस्ट्रियाच्या स्टायर-डायमलर-पुखनं १९७२ ला काम सुरू केलं, १९७९ ला गाडी आली. फ्रान्सच्या फौजेनं तर पेजोचं इंजिन घालून पी-४ नावानं चालवली. आजच्या गाडीला पण खाली शिडीसारखी चेसी आहे आणि तीन डिफरन्शियल लॉक. म्हंजे एक चाक हवेत फिरत राहिलं तरी लॉक टाकला की जोडीचं चाक पण फिरतंच. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतो आपण, पण ही बनते ऑस्ट्रियात, ग्राझला 😄

रिटायर_हवालदार (अंबाजोगाई):
लॉकबिक ठीक आहे, पण मिलिटरीची गाडी म्हणजे काय ते बघा ना. आम्हाला जिप्सी होती, १३०० सीसी पेट्रोल, वजन टनभर, एसी नाही, मागं बसणाऱ्याच्या पाठीचं भजं. पण फसली तर चारपाच जण उतरून ढकलून काढायचो आणि बिघडली तर पाना-पक्कड घेऊन जाग्यावर उघडायची. जी-वॅगनमधली जी-६३ अडीच टनाची आहे, तिला कोण ढकलणार, लग्नातले वाजंत्री? आणि एखादा सेन्सर गेला तर पांदणीत लॅपटॉप घेऊन कोण येणार.

गावठी_टॉर्क (केज):
हवालदारसाहेब बरोबर. आणि हमरचं तर विचारूच नका. खरी हमव्ही म्हंजे अमेरिकी फौजेची गाडी, एएम जनरल कंपनीची, १९९१ च्या आखाती युद्धात जगानं टीव्हीवर बघितली, १९९२ ला तीच हमर नावानं लोकांना विकायला काढली, एच-१ हे नाव तिला नंतर पडलं. ती अस्सल. नंतर जनरल मोटर्सनं एच-२ आणली ती त्यांच्याच पिकअपच्या सांगाड्यावर, वरून चेहरा तेवढा फौजी. एच-३ तर अजून लहान पिकअपवर. २०१० ला दुकानच बंद.

आमच्या शिवारात मागच्या पावसाळ्यात एकाची महागडी एसयूव्ही (नाव घेत नाही) जमीन बघायला आली होती. काळं रान म्हणजे वाळू नाही, चिखल चाकाला लपेटत जातो, टायरच्या खाचा भरल्या की टायर गोटा झाल्यासारखाच, मग लॉक टाका नाहीतर नारळ फोडा, चारही चाकं जाग्यावर फिरतात आणि गाडी पोटावर बसते. त्यात हिला शोसाठी २१ इंची चाकं आणि पापडासारखे रोडचे टायर. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरनं ओढली. डिझेलचे पैसे घेतले नाहीत, फोटो घेतले.

घाटवाट (कन्नड):
एवढं पण वाईट बोलू नका, लँड रोव्हरची नवी डिफेंडर मोनोकॉक (म्हंजे वेगळी चेसी नाही, बॉडीच सांगाडा) असून ९०० मिलिमीटर पाण्यातनं जाते, टायर नीट घातले तर कामाची गाडी आहे. आणि लँड रोव्हर मुळात फौजेसाठी नाहीच, दुसऱ्या महायुद्धातली उरलेली विलीज जीप लँड रोव्हर काढणाऱ्या मॉरिस विल्क्सच्या शेतावर होती, तिच्यावरनं १९४८ ला शेतकऱ्यासाठी काढलेली. फौजेनं नंतर घेतली.

डिझेल_दादा (परभणी):
औरंगाबादेत २०१० ला लोकांनी मिळून एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतं का? त्यातली एक तरी कुणी पांदणीत घालायला घेतली असंल का. घेणारा दारात लावायलाच घेतो, मग कंपनी तरी कशाला चिखलाचे टायर देईल.

रिटायर_हवालदार (अंबाजोगाई):
@काळ्या_रानातला महिंद्रानं १९४७ ला विलीज जीपच जोडायला घेतली होती, तुझी बोलेरो पण त्याच खानदानातली, लांबच्या नात्यानं का होईना.

काळ्या_रानातला (सेलू):
म्हंजे माझी पण मिलिटरीचीच निघाली की 😂 पुढच्या लग्नात मांडवाच्या दारातच लावतो.

गावठी_टॉर्क (केज):
लाव, पण आधी मागचे टायर बदल, मागच्या वेळी फोटो टाकला होतास त्यात पार गोटा झालेले दिसत होते.