घरं पडून आहेत, मग भाव का पडत नाहीत? (सप्टेंबर २०२०)

भाडेकरू_ठाणे
घोडबंदर रोडला भाड्याने राहतो. रात्री गॅलरीत उभं राहिलं की समोरचा २८ मजली टॉवर दिसतो. ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, मिळून वर्ष झालं. काल मोजले, अकरा घरांत दिवे होते.

३१ ऑगस्टला आकडा आला, लॉकडाउनमुळे एप्रिल ते जून जीडीपी २३.९ टक्के खाली. माझा पगार मे महिन्यापासून चतुर्थांश कापलाय. तरी शनिवारी साइट ऑफिसात गेलो तर टू बीएचके ९० लाख! गेल्या दिवाळीतही ९०च होता. वर तो पोरगा म्हणतो, "सर, स्टॅम्प ड्युटी कमी झालीय, आता नाही तर कधीच नाही."

५ वरून २ टक्के, तीही डिसेंबरपर्यंत. म्हणजे ९० लाखांवर २ लाख ७० हजार वाचणार. भाव १० टक्के उतरला तर ९ लाख वाचतील. ही सवलत मला नाही, बिल्डरला आहे. त्याचा भाव पडू नये म्हणून सरकारने लावलेला टेकू.

आता घर न घेणाऱ्याचा हिशोब. भाडं २२ हजार. हेच घर ७२ लाख कर्ज काढून, ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता जवळपास ५६ हजार. एप्रिलमध्ये एचडीएफसीचे दीपक पारेख बिल्डरांना म्हणाले, २० टक्के घसरणीची तयारी ठेवा. जूनमध्ये केंद्रीय मंत्री पीयूष गोयलांनीही सांगितलं, असेल तो माल विकून मोकळे व्हा. मी तर म्हणतो कोणीच घेऊ नका. सहा महिने सगळे थांबलो तर नाक मुठीत धरून येतील.

कासारवडवलीकर
तुमच्यासारख्यांचं बरं असतं. भाव पडो म्हणता, पण तो कोणाचा पडतो ते बघा. २०१४ साली निवृत्तीच्या पैशातून फ्लॅट घेतला, म्हटलं मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल. आज त्याच भावालाही गिऱ्हाईक नाही. कुलूप आहे, तरी मेंटेनन्स महिना ४,५०० भरतोच आहे.

भाव पडले नाहीत असं म्हणूच नका. सहा वर्षं आकडा हललेला नाही. महागाई धरा, माझा पाव भाग केव्हाच गेला. घसरण झालेली आहे, फक्त पाटीवर लिहिलेली नाही.

हिशोबनीस
काकांचा मुद्दा बरोबर आहे. पण पाटी का बदलत नाही, याला एक रुक्ष कारण आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही: रेडी रेकनर, म्हणजे सरकारने भागाभागाला ठरवून दिलेला घराचा दर.

सरकारी दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली सौदा केला, तर तो फरक बिल्डरचं उत्पन्न धरला जातो (आयकराचं कलम ४३सीए) आणि घेणाऱ्याचंही (कलम ५६). न मिळालेल्या पैशावर दोघांनी कर भरायचा. बाजार खाली आला तरी रेकनर त्याच्यामागे लगेच येत नाही. ठाण्यात कित्येक ठिकाणी दोन्हींत फार अंतर उरलेलंच नाही. मग सूट द्यायची तरी कशी? पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन, 'पझेशनपर्यंत हप्ता नाही'.

दुसरं कारण बँक. न विकलेले फ्लॅट तारण ठेवून बिल्डरने कर्ज उचललेलं असतं. एक फ्लॅट ७५ला विकला की उरलेल्या दोनशेचं मूल्यांकन खाली येतं आणि बँक आणखी तारण मागते. शिवाय ९०ला घेतलेले जुने लोक ऑफिसात येऊन टेबल आपटतात ते वेगळंच.

भाडेकरू_ठाणे
मग कायदा बदला! माझं काय चुकलं?

साइटवरचा
बारा वर्षं साइटवर काढलीत. एप्रिल-मेमध्ये आमची माणसं चालत गावी गेली. परत आली ती निम्मी. 'सहा महिने थांबा' म्हणायला सोपं आहे. गिऱ्हाईक थांबलं की आधी फरशीवाला थांबतो, मग सुतार, मग सेंट्रिंगवाला. बिल्डर शेवटी. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेराने प्रकल्प पूर्ण करायला सहा महिने वाढवून दिले. मजुराला कोणी दिले?

वाघोलीचा_अडकलेला
'घरं पडून आहेत' हेच मला पटत नाही. घर म्हणजे ज्याला ओसी आहे ते. माझं बुकिंग २०१६चं. नोव्हेंबरात नोटबंदी, पुढच्या वर्षी जीएसटी, २०१८ला आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी बुडाली आणि बिल्डरांना पैसा देणाऱ्या वित्तकंपन्यांनी हात आखडले. आमचा सांगाडा नवव्या मजल्यावर थांबलाय, वर पिंपळ उगवलाय. भाव पाडलात तर असे सांगाडे दुप्पट होतील. हप्ता आणि भाडं दोन्ही भरतोय, म्हणून बोललो.

चाळकरी
मुंबई, २०११ची जनगणना: ४ लाख ८० हजार घरं रिकामी. २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत हा आकडा आहे. मंदी नव्हती तेव्हाचा. आमच्या चाळीत १८० चौरस फुटांत सहा माणसं. काकांच्या कुलपाचं दुःख समजतं, पण डोळ्यात पाणी येत नाही.

डब्लिनकर
इथे भाव खरोखर पडले, ते सांगतो. २००७पर्यंत आयर्लंडमध्ये गावाबाहेरच्या कुरणांवरही वसाहती बांधल्या. मग बँका कोसळल्या. पुढच्या पाच-सहा वर्षांत देशभर किमती साधारण निम्म्या झाल्या. २०१०च्या सरकारी पाहणीत अडीच हजारांवर अर्धवट वसाहती निघाल्या; लोक त्यांना भुतांच्या वसाहती म्हणायचे. काही तर शेवटी पाडल्या.

पण सामान्य माणसाला स्वस्त घर मिळालं का? नोकरी गेलेली, बँक कर्ज देईना. ज्यांच्याकडे रोकड होती त्या परदेशी फंडांनी एकगठ्ठा घेतलं. बांधकाम इतकी वर्षं बंद राहिलं की आज डब्लिनमध्ये घर मिळत नाही. भाडेकरूसाहेब, भाव पडेल त्या दिवशी तुमची नोकरी शाबूत असेल याची खात्री आहे?

भाडेकरू_ठाणे
नाही, खात्री नाही. पगार कापलाय हे वर लिहिलंच आहे. पण याचा अर्थ मी आत्ताच ७२ लाखांचं ओझं घ्यावं असा होतो का? उलट होतो. माझी भीती मला वापरू द्या ना, बिल्डरला का वापरू द्यायची?

हिशोबनीस
हे मात्र पटलं. घाईने सही करू नका. रेडी ओसीचं असेल तर जीएसटीही नाही, तेवढं लक्षात ठेवा.

कासारवडवलीकर
भाडेकरू, रागावू नका, मघाशी कडक बोललो. ते २२ हजार किती खोल्यांचे?

भाडेकरू_ठाणे
टू बीएचके, सहावा मजला, पाण्याची बोंब. का?

कासारवडवलीकर
माझाही टू बीएचके आहे. अकरावा मजला, पाणी चोवीस तास. १९ला देईन.

भाडेकरू_ठाणे
काका, १७.