पेन टॅब्लेटवर वर्तुळ आडवे ताणले जाते आणि रेघ एकाच जाडीची उमटते – मदत हवी आहे

पाटीवाला_पेंटर
नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात राहतो. भिंतीवरील पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील अक्षरे आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवण्याचे काम आमच्याकडे वडिलांपासून चालत आले आहे. परंतु आता नाटकाच्या जाहिरातीसाठी सर्वांना फ्लेक्सच हवा असतो, म्हणून गेल्या महिन्यात मी पेन टॅब्लेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी, घेतला. त्यावर गोल काढला की पडद्यावर अंडे उमटते, आणि पेन कितीही दाबले तरी रेघ एकाच जाडीची येते. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे आमच्याकडच्या नाटकांच्या जत्रा, सुरू होतील आणि वडशाच्या एका नाटकमंडळीचे चित्र मला त्याआधी द्यायचे आहे. कृपया लवकर उपाय सांगावा.

निवृत्त_कलाशिक्षक
आपण घाई करत आहात. मी 31 वर्षे मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी तयार केले, त्या अनुभवावरून सांगतो की वर्तुळ बिघडते ते मनगटामुळे. यंत्र बाजूला ठेवा, रोज कागदावर खांद्यापासून हात फिरवून 50 वर्तुळे काढा आणि महिन्याने पुन्हा टॅब्लेट हाती घ्या.

पाटीवाला_पेंटर
गुरुजी, क्षमा असावी, पण मी 12 फुटी भिंतीवर दोरी न लावता पूर्ण चंद्र काढतो. हात बिघडलेला नाही. आणि महिन्याने मंडई संपलेली असेल.

वैनगंगाकाठ
कोणता टॅब्लेट आहे, संगणकावर विंडोज आहे की आणखी काही, आणि चित्र कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काढता? यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पाटीवाला_पेंटर
स्क्रीन नसलेला साधा 10 × 6.25 इंचांचा टॅब्लेट आहे. विंडोज 10, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर क्रिता. आधी पंधरा दिवस मित्राचा दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट वापरून पाहिला होता, त्यावर रेघ बरोबर येत होती.

बोटानेच_बरे
या भानगडीत पडूच नका. माझा भाचा मोबाइलवर इबिसपेंटमध्ये बोटाने काढतो आणि त्याची गणपतीची चित्रे गावभर छापली जातात. टॅब्लेट विकला तर अर्ध्या किमतीत तरी जाईल.

रेघोट्या
बोटाचा दाब मोबाइलला सहसा कळत नाही, आणि या दादांना दाबाचीच रेघ हवी आहे, त्यामुळे तो सल्ला येथे उपयोगाचा नाही. दादा, एक करून पाहा. टॅब्लेटवर वरणाची स्टीलची वाटी उपडी ठेवा आणि तिच्या काठाला टेकवून पेन फिरवा. वाटी चुकत नाही. तेव्हा पडद्यावर जे उमटेल, त्यावरून दोष हाताचा की यंत्राचा हे लगेच कळेल. उमटलेल्या आकाराची रुंदी उंचीच्या किती पट आहे, तेही सांगा.

पाटीवाला_पेंटर
वाटीचेही अंडेच झाले. पट्टी लावून मोजले, रुंदी उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. आणखी एक, पेन टॅब्लेटच्या मध्याच्या उजवीकडे गेले की कर्सर नाहीसा होतो. तो भाग खराब निघाला असेल असे समजून मी डाव्या भागातच काम करत होतो.

रेघोट्या
लॅपटॉपला दुसरा पडदा जोडलेला आहे का?

पाटीवाला_पेंटर
हो, काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून जुना मॉनिटर ठेवला आहे, नमुने दाखवायला. तो तर नेहमीचाच आहे. त्याचा येथे काय संबंध?

रेघोट्या
सगळा संबंध त्याचाच आहे. आपला टॅब्लेट दोन्ही पडद्यांवर मिळून पसरला आहे. दोन्ही पडदे 1366 × 768 चे धरले, तर एकूण रुंदी 2732 आणि उंची 768 होते, म्हणजे साधारण 3.56 ला 1. टॅब्लेट मात्र 1.6 ला 1 आहे, म्हणून प्रत्येक आकार सुमारे 2.2 पट आडवा ताणला जातो. हरवलेला कर्सर गिऱ्हाइकाच्या बाजूला फिरत असणार. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिडकीत कार्यक्षेत्र केवळ लॅपटॉपच्या पडद्यापुरते ठेवा आणि प्रमाण राखण्याच्या पर्यायावर खूण करा. टॅब्लेटची खालची थोडी पट्टी वाया जाईल, पण गोल गोलच राहील.

वैनगंगाकाठ
मित्राच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर काढून टाकला होता का? दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच संगणकावर राहिले की अनेकदा पेनचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही काढा, संगणक पुन्हा सुरू करा आणि आपल्या टॅब्लेटचा एकच ड्रायव्हर टाका. विंडोज इंक, म्हणजे विंडोजची स्वतःची पेनाची सोय, तीही कायमची बंद करा.

रेघोट्या
ड्रायव्हरविषयी सहमत आहे, विंडोज इंकविषयी नाही. फोटोशॉप मुळातच विंडोज इंकमधून दाब घेते, तेथे ते सरसकट बंद केले तर असलेला दाबही जातो. क्रितामध्ये टॅब्लेट सेटिंग्जखाली पेनचा दाब घेण्याचे विंटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय असतात. एक निवडायचा, क्रिता बंद करून पुन्हा उघडायचे, आणि तेथल्याच टॅब्लेट टेस्टरमध्ये हलकी व जड रेघ ओढून पाहायची.

वैनगंगाकाठ
माझ्याकडे चार वर्षे ते बंद आहे आणि काहीही अडलेले नाही. पेन टेकवून थांबले की उमटणाऱ्या त्या लहान वर्तुळाचा त्रास तरी वाचतो.

रेघोट्या
आपण फोटोशॉप वापरत नाही, म्हणून अडले नाही.

निवृत्त_कलाशिक्षक
वाटीचा प्रयोग मला आवडला, माझे निदान चुकले. तरी एक सांगतो: टॅब्लेट तिरपा ठेवला, तर सरळ ओढलेली रेघही पडद्यावर तिरपी जाते, म्हणून तो पडद्याला समांतर ठेवावा. नजर हातावर न ठेवता पडद्यावर ठेवण्याची सवय मात्र सरावानेच लागते.

पाटीवाला_पेंटर
वाटी गोल झाली! मित्राचा ड्रायव्हर खरोखरच आत बसलेला होता; तो काढल्यावर आणि विंडोज इंक निवडल्यावर पेन दाबताच ब्रशसारखी रेघ फुगू लागली. खलनायकाच्या मिशीचे टोक पहिल्यांदाच मनासारखे निघाले. आता नवी अडचण: 10 × 6 फुटांच्या फ्लेक्सची फाइल 72 डीपीआयने (दर इंचाला 72 ठिपके) उघडली, तर तिसऱ्या लेयरलाच, म्हणजे चित्राच्या तिसऱ्या थरालाच, लॅपटॉप गोठतो.

फ्लेक्सचे_दुकान
ते गोठणारच. 8640 × 5184 पिक्सेल म्हणजे प्रत्येक पूर्ण भरलेल्या लेयरला सुमारे 179 एमबी लागतात, आणि 4 जीबीपैकी बरीच रॅम विंडोजच घेते. लांबी व रुंदी निम्मी, म्हणजे 4320 × 2592, ठेवा. मग एका लेयरला सुमारे 45 एमबी पुरतात. फ्लेक्स दुरून पाहिला जातो, त्यामुळे चित्रात फरक जाणवत नाही. नाटकाचे नाव आणि कलाकारांची नावे मात्र चित्रात रंगवू नका. ती व्हेक्टर अक्षरे (कितीही मोठी केली तरी स्पष्ट राहणारी) म्हणून दुकानात शेवटी बसवून घ्या, म्हणजे कडा फाटत नाहीत. भडक निळा आणि पोपटी हे रंग छपाईत मंद होतात, म्हणून आधी फूटभर तुकडा छापून पाहा.

पाटीवाला_पेंटर
अक्षरे मी स्वतःच काढणार, दादा. मंडळीने मला त्यासाठीच बोलावले आहे. नावांची पट्टी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण मापाची करतो. त्यात एकच लेयर लागेल.

फ्लेक्सचे_दुकान
तसे चालेल. दोन्ही फाइल टिफमध्ये पाठवा, जेपीजीमध्ये नको.

बोटानेच_बरे
नवीन लॅपटॉप घेणार असाल, तर भाच्याला विचारून सांगतो.

पाटीवाला_पेंटर
लॅपटॉप घ्यायचा नाही, दादा. मॉनिटरची वायर काढली आहे, तेवढे पुरे.