जुना लाइट मीटर घरात बरोबर, उन्हात मात्र थापा मारतोय

उलटा_रोल
मंडळी, जरा मदत हवीये. सेकंडहँड लाइट मीटर (फोटोसाठी उजेड मोजायचं यंत्र) घेतला, गॉसेनचा लुनासिक्स ३, काही जणांना लुना-प्रो नावाने माहीत असेल. विकणाऱ्याने 'चालू आहे की नाही बघितलेलं नाही' असं आधीच सांगितलं होतं त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. झाकण उघडलं तर आत जुनी बटन बॅटरी चिकटून बसलेली, वर पीएक्स ६२५ लिहिलंय, आणि कॉन्टॅक्टवर हिरवट पांढरा थर. ती कशीबशी उचकटून काढली, थर नखाने खरवडला, त्या मापाची बॅटरी कुठे मिळेना म्हणून दोन एलआर ४४ टाकल्या आणि त्या सैल पडतात म्हणून भोवती फॉइल गुंडाळलं. आधी काटा हलेचना, झाकण दोन-चार वेळा सैल-घट्ट केल्यावर उठला.

आता गंमत बघा. संध्याकाळी घरात मोजलं तर डिजिटल कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळतं. बाहेर उन्हात मात्र सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड दाखवतो, एक रोल त्याच्यावर विसंबून काढला तर उन्हातल्या सगळ्या निगेटिव्ह पातळ (कमी एक्सपोजरच्या) आल्या. आणि बाजूच्या रॉकर स्विचने मंद उजेडाच्या लो रेंजमध्ये एका भिंतीचं जे रीडिंग येतं, त्याच भिंतीचं हाय रेंजमध्ये स्टॉपभर कमी येतं. बॅटरी मात्र ठणठणीत आहे, बॅटरी चेकला काटा लाल पट्ट्याच्या पण पुढे जातो. फोटोसेल म्हातारा झालाय का? उघडू का मीटर?

भंगारातलं_सोनं
सेलेनियम (उजेड पडला की स्वतःच वीज देणारा सेल) गेलं असणार. एकदा दमट हवा लागली की ते उतरतंच, त्याला इलाज नाही. शोपीस म्हणून ठेवा.

उलटा_रोल
पण सेलेनियमवाल्याला बॅटरी लागत नाही ना? याला दोन लागतात.

भंगारातलं_सोनं
अरे हो, बरोबर. माझ्या डोक्यात वेस्टनचा सेलेनियम मीटर होता. तुमचा सीडीएसवाला (बॅटरी लागणारा फोटोसेल) आहे, मग माझं वरचं सोडून द्या.

एफ_आठ
एवढा विचार कशाला करताय राव. दीड स्टॉप जास्त दाखवतो ना, मग आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) १०० च्या फिल्मला डायलवर ४० लावा, झालं काम. माझा मीटर मी वर्षानुवर्षं असाच वापरतोय.

तापलेलं_सोल्डर
एफ_आठ, तुझा मीटर सगळीकडे सारखाच चुकत असेल तर ते चालेल, पण ह्यांचा घरात बरोबर आणि बाहेर चूक आहे, मग ४० लावलं की उन्हातलं सुधारेल आणि घरातलं बिघडेल. निगेटिव्ह फिल्मवर जास्तीचं एक्सपोजर खपून जातं म्हणून कळणार नाही, स्लाइड फिल्म टाकली की कळेल, तिला ते खपत नाही.

उलटा_रोल, फोटोसेलला उगाच बोल लावू नका, तुमची बॅटरी जरुरीपेक्षा जास्त तगडी आहे. पीएक्स ६२५ म्हणजे पाऱ्याची बॅटरी, तिचे १.३५ व्होल्ट, आणि संपेपर्यंत ते जवळपास तेवढेच राहायचे, त्या भरवशावर आतली सर्किट बनवलेली असायची, व्होल्टेज सांभाळायला वेगळं काही नसायचं. पुढे पाऱ्यामुळे त्या बंद झाल्या, अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्याने. एलआर ४४ अल्कलाइन, नावाला १.५ पण कोरी असताना मल्टीमीटरवर जवळपास १.५८ दाखवते. म्हणजे मीटरला २.७ च्या जागी ३.१६, सतरा टक्के जास्त.

सतरा टक्क्यांनी दीड स्टॉप कसा बिघडेल असं वाटेल, कारण स्टॉप म्हणजे तर दुप्पट. पण काट्याच्या पट्टीवर स्टॉप दाटीवाटीने बसवलेले असतात. ढोबळ हिशोब करू. समजा पट्टीवर १०० रेघा आहेत आणि दर १० रेघांना एक स्टॉप. काटा २० वर हवा तिथे सतरा टक्के जास्त म्हणजे २३ वर जाणार, फरक एक तृतीयांश स्टॉप, लक्षातही येत नाही. पण जिथे ८० वर हवा तिथे ९३ च्या पुढे जाणार, म्हणजे सव्वा स्टॉप उडाला. पट्टीच्या सुरुवातीला चूक नगण्य, शेवटी मोठी. उन्हात तुमचा काटा शेवटाकडे असतो, संध्याकाळी घरात सुरुवातीकडे. आणि तुमच्या भिंतीचंही तेच, एकच उजेड लो रेंजमध्ये पट्टीच्या शेवटी येतो आणि हाय रेंजमध्ये सुरुवातीला, म्हणून दोघांचं जमत नाही. खरं तर ही भिंतीची तुलना तुम्ही नकळत फार उत्तम टेस्ट केलीत, तिला दुसरा मीटर पण लागत नाही. बॅटरी चेकचा काटा पट्ट्याच्या पुढे जाणं हे चांगलं लक्षण नव्हे, पट्ट्यातच थांबायला हवा.

उघडू नका. आणि ते फॉइल आधी काढा, बटन बॅटरीची कडा पॉझिटिव्ह असते, फॉइल सरकून निगेटिव्हला टेकलं की शॉर्ट.

ओला_प्रिंट
सोल्डररावांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी फक्त साफसफाईबद्दल बोलते कारण माझ्या मीटरला त्यातच दोन रविवार गेले. तो थर अल्कलीचा असतो, नखाने वरचा जातो, खालचा राहतो. इअरबडवर व्हिनेगरचा एकच थेंब घेऊन फक्त कॉन्टॅक्ट पुसायचा, मग दुसऱ्या कोऱ्या इअरबडने आयसोप्रोपिल. ओतायचं नाही काही! सँडपेपर पण नको, वरचा मुलामा निघतो आणि मग पुन्हा लवकर गंजतं, पेन्सिलच्या खोडरबराने घासलेलं पुरतं. तरीही झाकण फिरवल्यावर काटा येतो-जातो असं होत राहिलं तर कॉन्टॅक्टच्या मागची वायर बघावी लागेल, गळलेलं द्रव वायरच्या आवरणाखालून आत चढतं आणि तांबं काळंहिरवं पडतं, बाहेरून वायर शाबूत दिसते. कंटिन्युइटी (वायर आतून सलग आहे का) बघताना बॅटऱ्या काढून फक्त वायरच्या दोन टोकांना प्रोब लावा. काट्याच्या कॉइलवर मल्टीमीटर ओहममध्ये अजिबात लावू नका, तो स्वतःचा करंट सोडतो, काटा आपटून वाकतो. (कसं माहीत ते विचारू नका.)

आणि बॅटऱ्या काढल्यावर काटा शून्यावर येतो का? नसेल तर मागे छोटा स्क्रू आहे तो हलक्या हाताने फिरवून आणा. काच कपड्याने घासून पुसली असेल तर त्याआधी काचेवर एकदा तोंडाने वाफ सोडा. प्लास्टिकवर स्टॅटिक साठतं आणि काटा त्याला ओढला जाऊन मधेच अडकतो, माणूस बिचारा शून्य ॲडजस्ट करत बसतो.

एक बाळबोध प्रश्न, रागावू नका. भिंत मोजताना पांढरा घुमट (वस्तूवर पडणारा उजेड मोजायला असतो तो) बाजूला सरकवला होतात ना?

उलटा_रोल
अर्धवट होता 😅 आता नीट सरकवला. व्हिनेगरने कॉन्टॅक्ट चकचकीत झालाय, काटा पहिल्या झटक्यात उठतो. शून्याला काटा अर्धी रेघ वर होता, वाफेने खाली आला, स्क्रूला हात लावावा लागला नाही. आता बॅटरीचं काय करू? कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या चालतात असं ऐकलंय.

तापलेलं_सोल्डर
चालतात. ६७५ नंबरच्या घ्या, झिंक एअर, साधारण १.४ व्होल्ट, पाऱ्याच्या सगळ्यात जवळ. व्यासाला त्या ११.६ मिलिमीटर आणि ६२५ साधारण १६, म्हणून भोवती रबराची ओ-रिंग लागेल. उंचीला पण किंचित कमी असतात, कॉन्टॅक्ट नीट टेकला नाही तर पितळेची चकती ठेवा. चिकटपट्टी काढल्यावर पाच मिनिटं हवेत ठेवून मग आत टाका, हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात त्या. खोड एकच, एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, दोन-तीन महिन्यांत संपतात.

कायमचं करायचं असेल तर दोन एसआर ४४ सिल्व्हर ऑक्साइड आणि सीरिजमध्ये एक डायोड (थोडं व्होल्टेज पाडणारा छोटा भाग). सिल्व्हरचे १.५५ प्रमाणे ३.१ होतात, म्हणजे ०.४ खाली आणायचेत. लोक सरसकट शॉट्की डायोड सांगतात, पण ते एका बॅटरीच्या कॅमेऱ्यासाठी ठीक, तिथे ०.२ च पाडायचे असतात. इथे साधा १एन४१४८ जास्त जवळ जातो, इतक्या बारीक करंटला तो ०.४ ते ०.५ च्या आसपास पाडतो. करंट बदलला की त्याचा ड्रॉपही थोडा बदलतो, म्हणून लावल्यावर मीटर उजेडात धरून व्होल्टेज मोजा, २.७ च्या जवळ असेल तर बस्स. पॉझिटिव्ह वायरमध्ये लावला तर डायोडवरचा पट्टा मीटरच्या बाजूला.

एफ_आठ
मी पण माझ्या मीटरची बॅटरी बघितली आत्ता. एलआर ४४ च निघाली 🙄 वर्षानुवर्षं निगेटिव्हच काढतोय म्हणून कळलं नसावं.

उलटा_रोल
अपडेट. ६७५ टाकल्या, मल्टीमीटरवर दोन्ही मिळून २.८१. बॅटरी चेकचा काटा आता लाल पट्ट्यात थांबतो. भिंतीवर दोन्ही रेंजमधला फरक पाव स्टॉपवर आलाय. बाहेर कडक ऊन होतं, घुमट लावून आयएसओ १०० ला १/१२५ आणि एफ १६ येतं, कधी किंचित वर. एक शंका राहिली, उन्हातून आत आल्याआल्या अंधाऱ्या कोपऱ्यात काटा आधी जास्त दाखवतो आणि मग हळूहळू खाली येतो, हे काय?

ओला_प्रिंट
सीडीएसला उजेडाची आठवण राहते, नवा होता तेव्हापासूनची सवय आहे ती. भर उन्हातून आणलात तर दोनेक मिनिटं मुठीत झाकून ठेवा, मग मोजा. आणि डिजिटलशी ताडून बघताना लक्षात ठेवा की हा समोरचा ३० अंशांचा भाग बघतो, भिंत जवळून मोजा, खिडकी कडेला येऊ देऊ नका.

उलटा_रोल
झाकून बघितलं, बरोबर येतंय. सध्या ६७५ वरच ठेवतो, डायोड सुट्टीत बघेन. ती जुनी पाऱ्याची बॅटरी डबीत बंद करून ठेवलीये, ई-कचरा घेतात तिकडे देईन. एफ_आठ, तुम्ही बदलल्यावर भिंतीचं कळवा.